इंजिनाची रिकामी चाल वाढणें : कारण आधीं, स्क्रू मागून

विहिरीवर मोट चालत होती त्या काळीं यंत्राची दुरुस्ती हा विषय धाराशिव जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या वाट्यास फारसा येत नसे. नाडा तुटला, चाक कुरकुरूं लागलें किंवा मोटेचें कातडें फाटलें, तर तें डोळ्यांस दिसे, व गांवच्या कारागिराकडून तें दुरुस्त होई. पुढें तेलाचें इंजिन आलें. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसविली व लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हातीं दिला, त्यांच्याच घराण्याच्या उद्योगांतून १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली. त्यानंतर डिझेलचें इंजिन महाराष्ट्रांतील विहिरींवर व ओढ्याकांठीं धडधडूं लागलें. विजेचे पंप आल्यावर त्यांतील बहुतेक इंजिनें मागें पडलीं; परंतु त्यांनीं आपल्या वडील पिढीस एक गोष्ट शिकविली. इंजिनाचा आवाज बदलला, कीं तें आपलें कांहीं गाऱ्हाणें सांगत असतें, हें त्या पिढीस शाळेवांचून कळलें होतें.

आज त्याच घरांच्या अंगणांत ट्रॅक्टर, मालवाहू पिकअप व घरच्या माणसांसाठीं मोटार उभी असते. ह्या यंत्रांचें गाऱ्हाणें ऐकण्याची संवय मात्र कमी झाली आहे. गाडी जागेवर उभी असतांना इंजिन जरुरीपेक्षां अधिक वेगानें फिरूं लागलें, तर आपण रस्त्यावरच्या पहिल्या गॅरेजांत जातों. तेथें कोणी तरी एक स्क्रू पिळतो, आवाज खालीं येतो, आणि काम झालें असें समजून आपण परततों. ही रीत कां चुकीची आहे, व शेतकऱ्यानें स्वतः काय पाहावें, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत कारकुनी केली आहे. तो यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. परंतु दप्तराचा जो नियम तोच येथें लागू पडतो. आधीं पाहणी, मग पंचनामा, आणि शेवटीं नोंद. पाहणी न करतां नोंद फिरविली, तर सात-बारा स्वच्छ दिसतो, पण शेतांत उभें असलेलें पीक बदलत नाहीं. स्क्रू पिळणें म्हणजे पाहणीवांचून नोंद फिरविणें होय.

रिकामी चाल म्हणजे काय ?

गाडी उभी आहे, गिअर काढलेला आहे, एक्सलरेटरवर पाय नाहीं, आणि तरीही इंजिन चालू आहे. अशा वेळीं तें ज्या वेगानें फिरतें त्यास रिकामी चाल म्हणावें. कारागीर तिला ‘आयडलिंग’ किंवा नुसतें ‘स्लो’ म्हणतात, व ती वाढली म्हणजे ‘रेस उतरत नाहीं’ असें सांगतात. सामान्य पेट्रोल मोटारीचें इंजिन तापल्यावर मिनिटास सुमारें ७०० ते ९०० फेरे घेतें. डिझेल मोटारी व ट्रॅक्टर ह्यांचा आंकडा साधारण ह्याच्याच आसपास, किंवा थोडा खालीं असतो. नेमका आंकडा प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेंत दिलेला असतो व तोच प्रमाण मानावा.

प्रत्येक वाढ हा रोग नव्हे. सकाळीं थंड इंजिन सुरू केल्यावर तें १,२०० ते १,५०० फेऱ्यांवर चालावें, अशीच पेट्रोल गाडीची योजना असते; कांहीं मिनिटांत तें आपोआप खालीं येतें. थंड हवेचें यंत्र, म्हणजे ए.सी., लावल्यास चाल किंचित् वाढते. १ एप्रिल २०२० पासून देशांत ‘भारत स्टेज ६’ हे नियम लागू झाल्यावर आलेल्या डिझेल मोटारींत धुराची काजळी गाळणारी चाळण असते. तींत सांठलेली काजळी इंजिन मधून मधून जाळून टाकतें, व तेवढा वेळ चाल थोडी वाढून पंखा जोरानें फिरतो. असें होत असतां गाडी बंद करूं नये. थोडी चालवून तें काम पुरें होऊं द्यावें. इंजिन पुरतें तापल्यावरही कांटा हजाराच्या वर राहतो, किंवा पाय काढल्यावर तो खालीं येण्यास फार वेळ लागतो, तेव्हां मात्र दुखणें आहे असें समजावें.

नुकसान काय होतें ?

लहान पेट्रोल मोटार उभ्या उभ्या तासास सुमारें अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल पिते. चाल वाढली कीं हा खर्चही वाढतो. क्लच व गिअर ह्यांस अधिक झीज सोसावी लागते. ट्रॅक्टरच्या बाबतींत गोष्ट अधिक गंभीर आहे. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत मळणी यंत्र ट्रॅक्टरच्या पीटीओ दांड्यास जोडलेलें असतें. इंजिन मंद असतां क्लच हळू सोडला, तर यंत्र धीमेपणानें फिरूं लागतें, व जवळ उभ्या असलेल्या माणसास सावध होण्यास अवसर मिळतो. तेंच इंजिन वेगांत असेल, तर दांडा एकदम झटका घेऊन फिरतो. उपरणें, पदर किंवा सदऱ्याची बाही त्यांत सांपडण्यास निमिषही लागत नाहीं.

घाटांतही हाच प्रश्न येतो. धाराशिवाहून तुळजापुरावरून सोलापूरच्या बाजारास जाणाऱ्यांस तुळजापूरचा घाट उतरावा लागतो. उतारावर खालच्या गिअरमध्यें इंजिन गाडीस मागें धरतें. ज्याची रिकामी चाल वाढलेली आहे तें इंजिन हें धरण्याचें काम पुरतें करीत नाहीं; उलट गाडीस पुढें ढकलतें, आणि सगळा भार ब्रेकवर पडतो.

मूळ तत्त्व

पेट्रोल इंजिनाचा वेग त्यांत शिरणाऱ्या हवेवर ठरतो. हवेच्या वाटेंत थ्रॉटलची झडप असते. आपण एक्सलरेटर दाबतों, तेव्हां ती झडप उघडते. पाय काढला कीं ती मिटते, व अगदीं थोडी हवा आंत जाते. मग पाय काढलेला असतांही इंजिन वेगानें कां फिरतें ? उत्तर शेतकऱ्यास समजण्यास कठीण नाहीं. पाटाचें दार बंद केलें आहे, तरीही वाफ्यांत पाणी भरत आहे, असें दिसलें तर आपण चार गोष्टी पाहतों. दार पुरतें बसलें आहे कीं नाहीं. बाजूची मोरी उघडी राहिली आहे काय. बांधास खेकड्यानें बीळ पाडलें आहे काय. किंवा पाटकऱ्यास चुकीचा निरोप गेल्यामुळें त्यानेंच पाणी सोडलें आहे काय. इंजिनांतही हींच चार कारणें असतात : झडप न मिटणें, बाजूची हवेची वाट उघडी राहणें, झडपेच्या पलीकडे कोठें तरी हवा गळून आंत शिरणें, आणि इंजिनाच्या संगणकास चुकीची खबर जाणें. परीक्षा ह्याच क्रमानें करावी.

परीक्षेपूर्वीं

गाडी मोकळ्या जागेंत सपाट जमिनीवर उभी करावी. बंद शेडांत इंजिन चालू ठेवूं नये, कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साईड वायूस वास नसतो व त्यानें माणूस दगावतो. हातब्रेक ओढून चाकांस दगड लावावे. धोतराचा सोगा, उपरणें, सैल बाही हीं पट्ट्यापासून दूर ठेवावीं. रेडिएटरचा विजेचा पंखा इंजिन बंद असतांही आपोआप सुरू होऊं शकतो, हें विसरूं नये. गरम रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये.

मग एका कागदावर चार ओळी लिहाव्या. चाल थंड असतां वाढते कीं तापल्यावर ? ती एकसारखी वर राहते कीं वर-खालीं होते ? हा प्रकार कोणत्या दिवसापासून सुरू झाला ? त्याच्या अगोदर बॅटरी काढणें, झडप साफ करणें, पाण्यानें इंजिन धुणें असें कांहीं काम झालें होतें काय ? चांगल्या कारागिरास ह्या चार उत्तरांतून अर्धें दुखणें कळतें.

पहिलें कारण : झडप मिटत नाहीं

इंजिन बंद करून पायाखालची चटई पाहावी. पुढें सरकलेली चटई एक्सलरेटरवर चढून तो दाबून धरते. हें कारण क्षुल्लक वाटलें तरी ह्यानेंच प्राणघातक अपघात होतात. जुन्या गाड्यांत एक्सलरेटरपासून झडपेपर्यंत तारेची केबल असते. आपल्याकडील काळी धूळ व पावसाळ्यांतील ओल ह्यांमुळें ती आपल्या नळींत अडकते. केबलीस किंचित् ढिलेपणा असावा. ती ताठ ओढलेली असेल, तर झडप कधींच पुरती बसणार नाहीं. झडपेचा बाहेरील खटका हातानें बंद दिशेस दाबून पाहावा. तो आणखी सरकला, तर दोष केबलींत किंवा परतीच्या स्प्रिंगेंत आहे. केबलीचे धागे तुटूं लागले असल्यास तेल घालून वेळ मारून नेऊं नये, ती बदलावी.

जुनी जीप, अँबॅसॅडर किंवा १९८३ सालीं निघालेल्या मारुती ८०० च्या पहिल्या गाड्या ह्यांत कारब्युरेटर असे. अशी गाडी अजून घरांत असल्यास चोक पाहावा. थंडीसाठीं ओढलेला चोक पुरता परत गेला नाहीं, तर तोच झडपेस किंचित् उघडी धरून ठेवतो. अशा गाड्यांत ठिणगीची वेळ फार पुढें गेली असल्यासही चाल वाढते.

नव्या गाड्यांत केबल नसते. एक्सलरेटरची खबर विजेच्या तारेनें जाते व लहान मोटर झडप फिरविते. अशी झडप बोटानें किंवा पेंचकसानें ढकलूं नये. आंतील दांते मोडतात, आणि चालू गाडींत बोट सांपडतें.

दुसरें कारण : बाजूची वाट

कारब्युरेटर जाऊन इंजेक्शन पद्धति आल्यावर झडपेच्या बाजूनें हवेची एक लहान वाट ठेवूं लागले. तीवर संगणकाच्या हुकुमानें उघडमीट करणारा एक वाल्व्ह असतो. थंड इंजिनास तो अधिक हवा देतो, तापल्यावर कमी करतो. काजळीनें तो उघड्या स्थितींत अडकला, तर चाल खालीं येत नाहीं. तो काढून योग्य द्रवानें पुसला असतां पुष्कळ वेळां काम भागतें.

येथें एक सूचना महत्त्वाची आहे. झडपेवर काजळी हळूहळू सांठते व हवा कमी होते. ती तूट भरून काढण्यासाठीं संगणक अधिक उघडण्याची संवय लावून घेतो. मग आपण झडप एकदम स्वच्छ केली, कीं जुन्या संवयीमुळें हवा जास्त जाते आणि चाल वाढते. हा नवा बिघाड नव्हे. संगणकास नवी चाल शिकवावी लागते. कांहीं गाड्यांत थोड्या वापरानें ती आपोआप बसते, कांहींत यंत्र लावून बसवावी लागते. बॅटरी काढल्यानंतरही असेंच होतें. अशा वेळीं घाबरून नवीन भाग विकत घेऊं नये.

तिसरें कारण : हवेची गळती

हें कारण खेड्यांत फार आढळतें. झडप व इंजिन ह्यांच्या मधल्या भागांत पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, असते. तेथून रबराच्या कांहीं नळ्या निघतात : एक ब्रेकच्या बूस्टराकडे, एक इंजिनाच्या पोटांतील वाफ ओढून घेण्यासाठीं, एखादी पेट्रोलच्या टांकीच्या वाफेसाठीं. उन्हाळ्यांत रबर कडक होऊन तडकतें. गाडी कडब्याजवळ किंवा धान्याच्या पोत्यांजवळ उभी असली तर उंदीर तें कुरतडतात. तेथून हवा आंत शिरते व चाल वाढते. कांहीं गाड्यांत ती वर-खालीं होत राहते.

इंजिन चालू ठेवून कान द्यावा. सूं-सूं असा आवाज येतो काय पाहावें. मग पकडीस कापड गुंडाळून एक एक नळी क्षणभर हलकेच दाबावी. जी दाबल्यावर चाल खालीं येते, तिच्या मार्गावर गळती आहे. मॅनिफोल्डच्या जोडावरील गॅस्केटचा संशय असेल, तर साबणाचें थोडें पाणी जोडावर शिंपडावें; गळती तेवढ्यापुरती बुजून आवाज बदलतो. तारा व विजेचे जोड मात्र वांचवावे. कांहीं कारागीर ह्यासाठीं पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या सायलेन्सरजवळ पेट्रोल उडविणें म्हणजे गंजीजवळ काडी ओढणें होय. तें कोणासही करूं देऊं नये.

पेट्रोलमध्यें आतां २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. तें आपल्याच उसापासून व मक्यासारख्या धान्यांपासून निघतें, ह्याचा शेतकऱ्यास आनंद आहे. परंतु ज्या जुन्या गाड्या ह्या मिश्रणासाठीं बनविलेल्या नव्हत्या, त्यांच्या इंधनाच्या नळ्या, रबरी भाग व गॅस्केटें लवकर खराब होण्याचा संभव असतो. जुनी गाडी वापरणारांनीं तीं वर्षांतून एकदां तपासावीं.

ह्या कारणाचें एक उदाहरण कळंब तालुक्यांतील एका बागाइतदाराच्या मोटारीचें आहे. पावसाळ्यानंतर तिची चाल १,६०० फेऱ्यांवर गेली. एका गॅरेजांत स्क्रू पिळून ती खालीं आणण्यांत आली. आठ दिवसांनीं गाडी सकाळीं बंद पडूं लागली. तेव्हां दुसऱ्या ठिकाणीं थ्रॉटलचा सबंध भाग बदलावा असा सल्ला मिळाला. तो भाग महाग होता, म्हणून मालक कांहीं दिवस थांबला. तेवढ्यांत त्याच्या मुलानें ब्रेक पूर्वीपेक्षां कडक लागतो अशी तक्रार केली. ही गोष्ट ऐकून एका वयस्क कारागिरानें झांकण उघडलें, आणि ब्रेकच्या बूस्टराकडे जाणारी नळी पाहिली. ती मागील बाजूनें उंदरानें कुरतडलेली होती. वीतभर नळी बदलली, स्क्रू पूर्वस्थितीवर आणला, आणि चाल व ब्रेक हीं दोन्हीं जागेवर आलीं.

ह्यांतील मर्म वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. तें इंजिन वाढीव चालीच्या रूपानें ब्रेकचीच तक्रार सांगत होतें. स्क्रूनें तिचें तोंड बंद केलें. नळी मात्र फाटतच राहिली. गाडी भरून तीच तुळजापूरचा घाट उतरली असती, तर काय झालें असतें, हें वेगळें सांगण्याची जरुरी नाहीं. म्हणून चाल वाढली असतां ब्रेकवर पाय ठेवून पाहण्याचा नियम करावा. ब्रेक कडक लागत असेल, किंवा तो दाबतांच इंजिनाचा आवाज बदलत असेल, तर गाडी रस्त्यावर न नेतां कारागिरास घरीं बोलवावें.

चौथें कारण : चुकीची खबर

इंजिन थंड आहे कीं गरम, हें संगणकास एका लहान सेन्सरावरून कळतें. तो बिघडला, त्याची तार उंदरानें तोडली, किंवा रेडिएटरांतील पाणी कमी होऊन त्याच्याभोंवतीं हवा राहिली, तर संगणकास इंजिन थंडच आहे असें वाटतें व तो चाल वाढवितो. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर इंजिन खरोखरच तापत नाहीं. तेव्हां तापमानाचा कांटा बराच वेळ गाडी चालवूनही खालींच राहतो. म्हणून इंजिन पूर्ण थंड असतां पाण्याची पातळी पाहावी. पाणी कमी आढळल्यास तें कोठें गेलें ह्याचाही शोध घ्यावा. नुसतें भरून स्वस्थ बसूं नये.

नव्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खालीं एक जोड असतो. त्यास लहान यंत्र लावलें म्हणजे संगणकानें नोंदलेली तक्रार आंकड्यांत वाचतां येते. ‘पी ०५०७’ ह्याचा अर्थ रिकामी चाल ठरलेल्यापेक्षां जास्त आहे असा होतो. परंतु हा आंकडा लक्षण सांगतो, कारण सांगत नाहीं. तो पाहून लगेच भाग बदलणें म्हणजे ताप मोजून शस्त्रक्रिया करण्यासारखें आहे.

डिझेल इंजिन व ट्रॅक्टर

डिझेल इंजिनाचा वेग हवेवर नव्हे, तर आंत जाणाऱ्या डिझेलवर ठरतो, व त्याचें प्रमाण गव्हर्नर राखतो. विहिरीवरच्या जुन्या इंजिनावर फिरणारीं वजनें व स्प्रिंग ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस हें सांगावयास नको. ट्रॅक्टरची चाल वाढली असतां प्रथम हातानें ओढावयाचा थ्रॉटलचा दांडा पाहावा; तो पुष्कळदां अर्ध्यावरच राहिलेला असतो. मग पायाच्या पेडलापासून पंपापर्यंतच्या सळ्या व सांधे पाहावे. त्यांत चिखल वाळून बसतो. सळी पंपाच्या बाजूनें सोडवून पंपाचा खटका मोकळा करावा. चाल उतरली, तर दोष बाहेर आहे. नाहीं उतरली, तर तो पंपांत आहे. बरेच महिने उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरांत पाणीमिश्रित डिझेलनें पंपाचा आंतील दांडा चिकटतो. चाल वर-खालीं होत असेल, तर डिझेलच्या नळींत हवा शिरली आहे काय, व फिल्टर तुंबला आहे काय, हें आधीं पाहावें. पंप उघडणें हें मात्र पंपाच्या कारागिराचें काम आहे. पंपावर कारखान्यानें लावलेलें सील तोडूं नये; तें इंजिनाच्या कमाल वेगाची मर्यादा राखण्यासाठीं असतें.

डिझेल इंजिनास एक विशेष धोका आहे. त्यास डिझेलऐवजीं दुसरें जळण मिळालें तरी तें चालतें. ज्या ट्रॅक्टरांत तेलाचा एअर क्लीनर असतो, त्यांत खुणेपेक्षां अधिक तेल भरलें, तर इंजिन तें ओढून जाळूं लागतें. इंजिनाच्या पोटांत तेल जास्त भरलें, किंवा टर्बो झिजून तेल हवेच्या वाटेंत उतरलें, तरी असेंच होतें. ज्या मोटारींत काजळीची चाळण असते, त्यांत डिझेल तेलांत मिसळून तेलाची पातळी आपोआप वाढूं शकते. म्हणून तेल कमी आहे काय एवढेंच न पाहतां, तें वाढलें आहे काय हेंही पट्टीवर पाहावें. ‘जास्त घातलें तर जास्त चांगलें’ हा न्याय खतास लागू नाहीं, तसा तेलासही नाहीं.

असें इंजिन एकदां हाताबाहेर गेलें, तर किल्ली फिरवून किंवा स्टॉपचा दांडा ओढून तें थांबत नाहीं. वेग वाढतच जातो व शेवटीं इंजिन फुटतें. चालकाच्या जागेवर असाल, तर ब्रेक घट्ट दाबून सर्वांत वरचा गिअर टाकावा व क्लच सोडावा. इंजिन कोंडून बंद पडतें. समोर किंवा मागें माणूस असतां हें करूं नये. हें शक्य नसेल, तर हवेच्या नळीचें तोंड सपाट फळीनें दाबून बंद करावें. हात किंवा पातळ फडकें वापरूं नये. तें आंत ओढलें जातें. तेंही साधत नसेल, तर माणसांस दूर न्यावें. इंजिन पुन्हां मिळतें.

स्क्रूस हात केव्हां लावावा ?

वरील चारही कारणें पाहून झालीं, इंजिन पुरतें तापलें, सर्व दिवे व ए.सी. बंद आहेत, आणि तरीही चाल पुस्तिकेंतील आंकड्यापेक्षां थोडी अधिक आहे. अशा वेळींच कारब्युरेटरच्या किंवा डिझेल पंपाच्या रिकाम्या चालीच्या स्क्रूस हात लावावा. त्याची मूळ जागा रंगानें खुणेस ठेवावी व एका वेळीं पाव फेऱ्यापेक्षां अधिक फिरवूं नये. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीवरील सीलबंद स्क्रू सहसा फिरवूंच नये. तेथें चाल संगणक राखतो. गॅरेजवाल्यानें स्क्रू फिरविलाच, तर ‘चाल कां वाढली होती ?’ हा एक प्रश्न त्यास अवश्य विचारावा. त्याचें उत्तर मिळाल्यावांचून दुरुस्ती झाली असें मानूं नये.

शेवटची सूचना दप्तरी संवयीची आहे. प्रत्येक गाडीसाठीं एक वही घालावी. गाडी धडधाकट असतां इंजिन तापल्यावर कांटा कोठें राहतो, हें पहिल्या पानावर लिहावें. पुढें तेल केव्हां बदललें, कोणती नळी घातली, कोणी काय उघडलें, हें तारीख व किलोमीटर ह्यांसह मांडावें. ज्याच्याजवळ निरोगी स्थितीची नोंद आहे, त्यासच रोग लवकर ओळखतां येतो. तक्रार वाचण्याचें लहान यंत्र एकेकट्यानें घेण्यापेक्षां गांवच्या सोसायटीनें किंवा पांच-सहा शेतकऱ्यांनीं मिळून घ्यावें व एका तरुणास तें वापरण्यास शिकवावें.

मळणीच्या दिवसांत किंवा ऊसतोडीच्या हंगामांत एक गाडी दोन दिवस उभी राहिली, तर शेतकऱ्याचें किती नुकसान होतें, हें प्रत्येकास ठाऊक आहे. त्या घाईमुळेंच आपण स्क्रूवर संतुष्ट होतों. म्हणून ही पाहणी हंगामाच्या आधीं, सवडीच्या दिवशीं, उजेडांत करावी. तींत फार तर एक सकाळ जाते.